पेट्रोलमधली रसायने आणि गावची विहीर

धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की सोनगीर मागे पडते आणि नरडाणा येते. शिंदखेडा तालुक्यातल्या या गावाला मुंबई-आग्रा महामार्ग आहे, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे स्टेशन आहे आणि एमआयडीसीही आहे. धुळ्याजवळच्या बोरविहीरपासून नरडाण्यापर्यंत नवा रेल्वेमार्ग होऊ घातला आहे. वाहतूक एवढी एकवटली की पेट्रोल पंप येतात, टँकर थांबतात, ढाब्यांच्या आडोशाला गॅरेजे उभी राहतात. याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी आणि मक्याची शेते आहेत, शेतांत विहिरी आहेत, आणि गावोगावच्या नळयोजना अशाच विहिरींवर किंवा कूपनलिकांवर चालतात. पंपाची टाकी जमिनीखाली आणि प्यायचे पाणीही जमिनीखाली. मध्ये फक्त माती, मुरूम आणि काळा पाषाण.

ही टाकी गळली, तर पाण्यात नेमके काय उतरते? उतरले तर कळते का? आणि कळायला हवे, ही जबाबदारी कोणाची? नरडाणा हे या प्रश्नाचे केवळ निमित्त आहे. सोनगीर, शिरपूर, पारोळा, एरंडोल, भुसावळ, जिथे जिथे महामार्ग आणि विहीर शेजारी आहेत तिथे तो तसाच उभा आहे. अमेरिकेत या प्रश्नावर शेकडो कोटींचे खटले झाले. आपल्याकडे त्याची साधी चर्चाही पंपाच्या कुंपणाबाहेर येत नाही, म्हणून हा आढावा.

पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नाही. शेकडो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. त्यात बेंझिन, टोल्यूइन, झायलिन ही मंडळी मुळातच असतात आणि इंजिन ठोके देऊ नये म्हणून वरून काही ना काही मिसळावे लागते. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी या कामासाठी शिशाचे एक संयुग शोधले आणि पुढची पन्नास वर्षे जगभरच्या गाड्यांनी शिसे ओकले. भारतात १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच आले. धुरातले शिसे थांबले, हा सार्वजनिक आरोग्याचा मोठा विजय होता. मात्र त्याच काळात आणखी एक पदार्थ पेट्रोलमध्ये होता, ज्याचे नाव फारसे कोणी घेतले नाही. इंजिनात शिसे साचू नये म्हणून इथिलीन डायब्रोमाइड घालत. हे जमिनीत वर्षानुवर्षे टिकते आणि अमेरिकेत त्याची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा बेंझिनच्या शंभरपट कडक आहे. २००० पूर्वीच्या जुन्या पंपांच्या जागा तपासायच्या असतील तर हे नाव यादीत हवेच.

शिसे काढायचे तर त्याच्या जागी काहीतरी आणणे भागच होते. जगाने आणले ते मिथाइल टर्शरी ब्यूटाइल इथर, म्हणजे एमटीबीई. अमेरिकेत १९७९ पासून ते वापरात होते. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्त्यांनी पेट्रोलमध्ये ऑक्सिजनयुक्त घटक घालणे अनेक शहरांत सक्तीचे केले, तेव्हा त्याचा खप झपाट्याने वाढला. पेट्रोलमध्ये ते ११ ते १५ टक्के असे. हवेसाठी ते चांगलेच होते. कार्बन मोनॉक्साइड कमी झाला, ऑक्टेन वाढला, रिफायनऱ्यांनाही सोपे पडले.

मग १९९६ साल उजाडले. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका या समुद्रकाठच्या शहराने आपल्या चार्नॉक आणि आर्केडिया या विहीरक्षेत्रांतल्या विहिरी एकामागून एक बंद केल्या. शहराचे निम्मे पिण्याचे पाणी गेले. चार्नॉकच्या पाण्यात दर लिटरला ६०० मायक्रोग्रॅमहून जास्त एमटीबीई सापडले होते, आणि माणसाच्या जिभेला व नाकाला ते २० ते ४० मायक्रोग्रॅमलाच जाणवते. टर्पेंटाइनसारखा वास. आजूबाजूच्या पेट्रोल पंपांच्या टाक्या आणि नळ्या गळत होत्या. शहराने पाणी बाहेरून विकत घेतले आणि चार्नॉकचे शुद्धीकरण केंद्र सुरू व्हायला २०११ साल उजाडले. एका विहीरक्षेत्राला बरे व्हायला पंधरा वर्षे लागली, तीही पैसा, तंत्रज्ञ आणि वकील हाताशी असलेल्या शहरात.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोल जमिनीत सांडले की त्याचा बराचसा भाग मातीच्या कणांना धरून बसतो किंवा भूजलाच्या पातळीवर तरंगत राहतो. बेंझिन थोडे विरघळते. जमिनीतले जंतू ते सावकाश खातातही. एमटीबीई यातले काहीच नीट करत नाही. ते पाण्यात भरपूर विरघळते, मातीला चिकटत नाही, पाण्यातून हवेत सहज उडून जात नाही आणि जंतूंना ते पचायला जड जाते. त्यामुळे भूजल ज्या वेगाने चालते त्याच वेगाने तेही चालते, आणि बेंझिन अजून पंपाच्या आवाराबाहेरही आलेले नसते तेव्हा हे विहिरीत पोहोचलेले असते.

थोडे गणित करू. एक लिटर पेट्रोलमध्ये १५ टक्के एमटीबीई धरले तर ते सुमारे १११ ग्रॅम भरते. लिटरला २० मायक्रोग्रॅम ही वासाची मर्यादा धरली, तर तेवढ्याने ५५ लाख लिटर पाणी बिघडू शकते. जलजीवन मिशनचा दरमाणशी दररोज ५५ लिटरचा हिशेब लावला, तर एक लिटर पेट्रोल म्हणजे एक लाख माणसांचे एका दिवसाचे पाणी. बेंझिनचा हिशेबही असाच मांडता येतो. भारतीय पेट्रोलमध्ये आता ते जास्तीत जास्त एक टक्का असू शकते, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. भागाकार केला की साडेआठ-नऊ लाख लिटर पाणी येते. प्रत्यक्षात सगळेच विरघळत नाही, बरेच उडून जाते, बरेच मातीत अडकते. पण थेंबाथेंबाने दिवसाला एक लिटर गळणाऱ्या टाकीकडे कोणी का दुर्लक्ष करू नये, हे सांगायला एवढा आकडा पुरेसा आहे.

अमेरिकेत पुढे जे झाले ते न्यायालयांत झाले. लेक ताहोच्या काठच्या पाणीपुरवठा मंडळाने तेल कंपन्यांकडून ६.९ कोटी डॉलरांची तडजोड मिळवली. न्यूयॉर्क शहराला २००९ मध्ये ज्यूरीने १० कोटी डॉलरांहून जास्त भरपाई दिली, न्यू हॅम्पशायर राज्याला २०१३ मध्ये २३.६ कोटी. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी मार्च १९९९ मध्येच एमटीबीई हटवण्याचा आदेश काढला होता. २००५ च्या ऊर्जा कायद्याने ऑक्सिजनयुक्त घटकाची केंद्रीय सक्तीच काढून टाकली आणि कंपन्या इथेनॉलकडे वळल्या. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एमटीबीईने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेले नाही. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला ‘ठरवता येत नाही’ या गटात ठेवले आहे. बेंझिनचे तसे नाही. ते रक्ताचा कर्करोग करते, यात वाद उरलेला नाही. अमेरिकेने एमटीबीई सोडले ते मुख्यतः पाणी तोंडात धरवेना म्हणून.

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोच्या पेट्रोलच्या मानकाने एमटीबीईसारख्या इथरांना १५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली आणि देशातल्या काही रिफायनऱ्यांनी शिशाऐवजी ते वापरलेही. त्याची चर्चा वाहन आणि तेल या दोन खात्यांच्या बाहेर फारशी गेली नाही. मग इथेनॉल आले, आणि ते आले थेट आपल्या उंबरठ्यावर. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे पथदर्शी प्रकल्प देशात झाले, त्यांतले दोन महाराष्ट्रातले होते: मिरज आणि मनमाड. खानदेशातल्या पंपांवर येणारे पेट्रोल बहुतांशी मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून भरले जाते, म्हणजे इथेनॉलच्या या प्रयोगाशी आपला संबंध अगदी सुरुवातीपासूनचा. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत कार्यक्रम सुरू झाला. जून २०२२ मध्ये देश १० टक्क्यांवर पोहोचला. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचे पेट्रोल बाजारात आले आणि आता पंपावर सर्रास तेच मिळते. उसाचे आणि मक्याचे पैसे त्यात आहेत, परकीय चलनाची बचत आहे. खानदेशातल्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे मोल ठाऊक आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण विहिरीच्या बाजूने पाहिले तर इथेनॉलची स्वतःची एक अडचण आहे. ते पाण्यात पूर्ण मिसळते, विषारी फारसे नाही आणि जमिनीतल्या जंतूंना अतिशय आवडते. अडचण नेमकी त्या आवडीतच आहे. सांडलेल्या पेट्रोलमधले इथेनॉल जंतू आधी खातात. ते खाताना भूजलातला विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, सल्फेट संपवून टाकतात. बेंझिन खाण्याची पाळी येते तेव्हा त्यासाठी लागणारा प्राणवायूच उरलेला नसतो. परिणामी बेंझिन जास्त काळ टिकते आणि जास्त दूर जाते. पेट्रोलमध्ये वीस-पंचवीस टक्के इथेनॉल कित्येक दशके वापरणाऱ्या ब्राझीलमध्ये फ्लोरियानोपोलिस येथील विद्यापीठाच्या हेन्री कोर्सेऊल यांच्या गटाने हे प्रत्यक्ष जमिनीत मुद्दाम पेट्रोल सोडून, वर्षानुवर्षे मोजून दाखवले. अशा ठिकाणी जमिनीत मिथेन तयार होतो, हेही तिथल्या आणि अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसले. इथेनॉल निर्मळ आहे, हे वाक्य गाडीच्या धुराबाबत बरेचसे खरे आहे. गळक्या टाकीबाबत ते अर्धेच खरे आहे.

शिसे, एमटीबीई, इथेनॉल. दर वेळी निर्णयाचे कारण हवा किंवा तेलाचे बिल होते. पाण्याच्या चाचण्यांची यादी मात्र त्या निर्णयांसोबत बदलली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की पेट्रोलचा घटक ज्या दिवशी बदलतो, त्याच दिवशी पाण्याच्या तपासणीतही त्याचे नाव चढले पाहिजे.

आता आपली जमीन पाहू. सांता मोनिकाची विहीरक्षेत्रे वाळू-गाळात होती. तिथे प्रदूषणाचा पट्टा नकाशावर आखता येतो, वाटेत निरीक्षण विहिरी घेता येतात. तापीच्या उत्तरेला, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात गाळ खोल आहे; तिथे थोडेफार तसे करता येईल. नरडाण्याच्या बाजूला दख्खनचा बेसाल्ट आहे. वर काळी कापसाची जमीन, तिच्याखाली मुरूम, मग भेगा-सांध्यांचा काळा पाषाण, त्यात मध्येच छिद्रमय थर आणि लाल मातीचा पट्टा. शिवाय धुळे-नंदुरबार भागात पूर्व-पश्चिम धावणाऱ्या उभ्या भित्ती आहेत, जुन्या लाव्हाच्या भेगा भरून तयार झालेल्या. कुठे ती भित्त पाणी अडवते, कुठे तिच्या कडेने पाणी वाट काढते. अशा जमिनीत शेजारच्या दोन विहिरींपैकी एक आटते आणि दुसरी भरलेली राहते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. पाणी जसे लहरी, तसे त्यातले पेट्रोलही. पंपाच्या कुंपणाशेजारची विहीर साफ निघाली म्हणजे अर्धा किलोमीटरवरची साफ आहे, असे बेसाल्टमध्ये म्हणता येत नाही. आणि एप्रिल-मे महिन्यांत काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यांतून वरचे सांडलेले खाली जायला मातीची गाळणी मध्ये येतच नाही.

यातच लोकांच्या एका समजाची गल्लत होते. पेट्रोल पाण्यात आले तर तवंग दिसेल, असे सगळे धरून चालतात. विहिरीत डोकावायचे, इंद्रधनुषी तवंग नाही, वास नाही, म्हणजे पाणी चांगले. तवंग म्हणजे न विरघळलेले पेट्रोल. विरघळलेल्या बेंझिनला तवंग नसतो, एमटीबीईला नसतो, इथेनॉलला नसतो. शिवाय आता पोहरा कोण टाकतो? मोटर विहिरीच्या तळाशी असते. तवंग असलाच तर तो वर तरंगत राहतो आणि नळाला येते ते खालचे, विरघळलेल्या रसायनांचे पाणी. म्हणजे डोळ्यांना जे दिसते ते आपण पीत नाही, आणि जे पितो ते डोळ्यांना दिसत नाही. बेंझिनचा वास पाण्यात जाणवायला लागतो तोवर ते मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेले असते.

आणखी एक मुद्दा, जो मांडताना मला थोडे जपून बोलावे लागते, कारण त्या कामाबद्दल मनात आदर आहे. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करून, सिमेंटचे बंधारे बांधून पाणी जिरवण्याचे जे काम झाले, त्याने कित्येक गावांच्या विहिरींना पाणी आले. शिरपूर पॅटर्न म्हणून तो राज्यभर गेला. जलयुक्त शिवारनेही २०१४ च्या अखेरपासून त्याच वाटेने काम केले. नाला खोल करताना वरची चिकण माती काढली जाते, म्हणून तर पाणी झपाट्याने खाली उतरते. पण त्या नाल्याला महामार्गाचे, पंपाच्या फरशीचे, गॅरेजच्या अंगणाचे पाणी मिळत असेल तर तेही तितक्याच झपाट्याने उतरणार. शेततळ्यातून किंवा नाल्यातून थेट विहिरीत पुनर्भरण करणाऱ्यांनी तर हे नक्की पाहावे. पुनर्भरणाचा आराखडा करताना वरच्या अंगाला पंप आहे का, हा प्रश्न फॉर्मवर असायला काहीच खर्च नाही.

महाराष्ट्रात असे घडले आहे का? घडले आहे. २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातील सासवड गावात मुंबई-पुणे-सोलापूर पेट्रोल वाहिनीला चोरट्यांनी भोक पाडले. पेट्रोल जमिनीत मुरले, विहिरींत उतरले, पिके करपली. गोव्यात वास्कोजवळ मायमोळे येथे २०२३ मध्ये लोकांच्या विहिरींत इंधन आढळले. बंदरातून येणाऱ्या इंधनवाहिन्या त्या भागातून जातात. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ साली जमिनीखालच्या वाहिनीच्या गळतीने कूपनलिकांना इंधनाचा वास येऊ लागला आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे: गळती आधी रहिवाशांना कळली. तीही कळली कारण इंधन इतके होते की वास लपेना. हळूहळू झिरपणाऱ्या टाकीची बातमी कधीच होत नाही.

वाहिनी आपल्यालाही अपरिचित नाही. मुंबईहून मनमाडला येणारी भारत पेट्रोलियमची वाहिनी पुढे खानदेश ओलांडून इंदूरजवळच्या मांगलियाला आणि तिथून दिल्लीकडे बिजवासनला जाते. शिवाय पानेवाडीतून रोज टँकर निघतात. २५ जानेवारी २०११ रोजी याच परिसरात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाची चोरी आणि भेसळ पकडायला गेले असताना जिवंत जाळण्यात आले. त्या घटनेची आठवण इथे काढायचे कारण हे की इंधनाच्या चोरीचा आणि भेसळीचा धंदा उघड्या जमिनीवर, रस्त्याच्या कडेला, कॅन आणि पिंपे घेऊन चालतो. तिथे सांडलेल्या थेंबांचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो. सोनवणे यांनी ज्यासाठी जीव दिला त्यात गाडीचे इंजिन आणि सरकारी महसूल तर होताच. त्या जमिनीखालचे पाणीही होते, असे मला वाटते.

आता तपासणीकडे येऊ, कारण खरे दुखणे तिथे आहे. पिण्याच्या पाण्याचे आपले मानक आयएस १०५०० हे आहे. त्यात शिसे आहे, कीटकनाशके आहेत, खनिज तेलासाठी लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमची मर्यादा आहे. बेंझिन नाही. एमटीबीई नाही. खनिज तेलाची अर्धा मिलिग्रॅम ही मर्यादा म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. बेंझिनची जागतिक मर्यादा त्याच्या पन्नासाव्या भागाची आहे. म्हणजे पाणी मानकात बसले, अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का पडला, तरी बेंझिनबद्दल त्यातून काहीच कळत नाही. गावात जलजीवन मिशनची जी किट आली, त्यात सामू, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, उरलेला क्लोरीन असे घटक तपासता येतात. आपला जलसुरक्षक ते मनापासून करतो. वर्षातून दोनदा स्रोताचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. या व्यवस्थेने कावीळ आणि गॅस्ट्रोच्या साथी रोखायला मोठी मदत केली आहे. तिचा मुख्य रोख जंतूंवर आहे, आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने जंतू मरतात. बेंझिनला त्याने काही होत नाही. हिरवे कार्ड मिळालेल्या विहिरीत पेट्रोलमधली रसायने असू शकतात आणि त्यात कोणाचा दोषही नसेल.

तपासायचे तर नमुना कसा घ्यावा, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. एरवी आपण प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरतो, वर दोन बोटे जागा ठेवतो, गाडीच्या डिकीत टाकतो आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत देतो. या पद्धतीने बेंझिन तपासले तर ते सापडणारच नाही, कारण वाटेतच ते वरच्या हवेत उडून जाते, थोडे प्लास्टिकमध्येही मुरते. त्यासाठी काचेची ४० मिलिलिटरची छोटी कुपी लागते, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाची. मोटर काही वेळ चालू ठेवून, धार बारीक करून, कुपीच्या कडेने पाणी सोडायचे. काठोकाठ भरून वर फुगवटा येऊ द्यायचा आणि मग झाकण लावायचे. कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारायची; आत एक जरी बुडबुडा दिसला तर ती टाकून नवी भरायची. नंतर बर्फाच्या पेटीत ठेवून गॅस क्रोमॅटोग्राफ असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायची. याला किट पुरणार नाही. मात्र यात असे काहीच नाही जे गावातल्या बारावी शिकलेल्या मुलीला एका दुपारी शिकवता येणार नाही.

पंपावर गळती पकडण्याचे साधन रोज हाताळले जाते. सकाळी टाकीचा डिप घेतला जातो. पितळी किंवा ॲल्युमिनियमची खुणा केलेली काठी टाकीत सोडायची, ओल कुठवर आली ते वाचायचे, तक्त्यावरून लिटर काढायचे, आणि कालचा साठा अधिक आलेला माल वजा विकलेला माल यांच्याशी ताळा करायचा. काठीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावतात. तळाशी पाणी असेल तर तिचा रंग बदलतो. पाणी टाकीत येत असेल तर कुठेतरी भोक किंवा सैल जोड आहे, आणि जिथून पावसाळ्यात पाणी आत येते तिथून उन्हाळ्यात पेट्रोल बाहेर जाऊ शकते. इथेनॉलमुळे ही पेस्ट आणखी महत्त्वाची झाली आहे: थोडे पाणी इथेनॉलमिश्रित पेट्रोल सामावून घेते, मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो. पावसाळ्यात ‘पेट्रोलमध्ये पाणी’ म्हणून पंपांवर भांडणे होतात ती बहुधा याचीच. ग्राहक गाडी बंद पडली म्हणून तक्रार करतो. त्याच दिवशी गावाने टाकीच्या तपासणीची मागणी केली पाहिजे. आणि तळाचा तो थर उपसून नाल्यात ओतला जात नाही ना, हेही पाहिले पाहिजे.

कायद्याची बाजू अगदीच मोकळी नाही. टाक्यांचे परवाने देणारी स्फोटकांची केंद्रीय संस्था नागपूरलाच आहे. तिचे लक्ष साहजिकच आगीवर असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि शाळा, दवाखाना व वस्ती यांच्यापासून ५० मीटरचे अंतर सांगितले. अंतराच्या त्या यादीत सार्वजनिक विहीर नाही. उलट आपल्या राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली होती. शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीने गावचे पाणी कमी होईल म्हणून अर्ध्या किलोमीटरची काळजी, आणि हजारो लिटर पेट्रोलच्या टाकीसाठी तसे अंतर नाही. ही विसंगती दूर करायला नवा कायदाही लागत नाही. ना हरकत देताना जिल्हाधिकारी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा अभिप्राय मागवू शकतात. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित जागा शोधून कळवण्याचे काम त्यांनी जिल्हा प्रशासनावर टाकले आहे, आणि नंतर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरलेल्या मुदतीत तपास करायचा आहे. गावांच्या हाती आलेले हे पहिले खरे हत्यार आहे. बंद पडलेल्या पंपांच्या, जमिनीत तशाच सोडलेल्या टाक्यांच्या जागा या यादीत आधी याव्यात.

पैशाचे काय? अमेरिकेने १९८६ मध्ये गळक्या टाक्यांसाठी निधी उभा केला तो पेट्रोलच्या दर गॅलनमागे सेंटचा दहावा भाग कर लावून. आपण पेट्रोलवर एवढे कर आणि उपकर देतो. देशात एक लाखाच्या घरात पंप आहेत. त्यातल्या पैसाभर वाट्यातून प्रत्येक जिल्ह्याच्या प्रयोगशाळेला एक उपकरण आणि ते चालवणारा माणूस मिळू शकतो.

घरच्या घरी करण्यासारखे थोडे आहे. उकळल्याने बेंझिन उडते, पण ते स्वयंपाकघरातल्या हवेतच येते. आरओच्या यंत्रातला कोळसा बेंझिन बऱ्यापैकी धरून ठेवतो, एमटीबीई फार कमी. आणि तो कोळसा वेळेवर बदलला नाही तर काहीच धरत नाही. म्हणून काम स्रोतावरच करावे लागेल.

नरडाण्यासह महामार्गावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. चालू आणि बंद अशा प्रत्येक पंपापासून ५०० मीटरच्या आतल्या पिण्याच्या विहिरी आणि कूपनलिकांची यादी करा. त्यांचे नमुने वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पाऊस संपल्यावर, बेंझिन, टोल्यूइन, झायलिन, एमटीबीई आणि जुन्या पंपाजवळ इथिलीन डायब्रोमाइड यांसाठी तपासून मिळावेत, अशी मागणी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी करा. अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा आणि पोच घ्यायला विसरू नका.